'पोटाचा आजार' म्हणू नका, नाव सांगा

आमच्या कणकवली-मालवण भागात स्थळ बघताना नाडी बघतात, मूळ गाव विचारतात, देवाचा कौलही लावतात. मुलीची आई किंवा आत्या कशाने गेली, हे मात्र कुणी विचारत नाही. विचारलंच तर "पोटाचा आजार होता" म्हणतात.

माझ्या आत्याचा पोटाचा आजार म्हणजे ओव्हरीचा कॅन्सर. मोठ्यांना सगळं ठाऊक होतं. काकी म्हणायची, "भायर बोला नको, चेडवाचा लगीन कसा जमतला?" लग्न जमलं. पण आतेबहिणीला बीआरसीए-१ या जनुकात दोष आहे (त्याने स्तनाचा आणि ओव्हरीचा कॅन्सर व्हायची शक्यता खूप वाढते) हे कळलं तेव्हा ती चौतीस वर्षांची होती, आणि मूल व्हायचं होतं.

आता गणित बघा. हा दोष असेल तर साधारण ३५ ते ४० च्या दरम्यान, मुलं झाली की, ओव्हरी आणि नळ्या काढून टाकायचा सल्ला देतात, कारण ओव्हरीचा कॅन्सर लवकर पकडणारी भरवशाची तपासणी नाही. विशीत कळलं असतं तर तिला विचार करायला वर्षं मिळाली असती. चौतिशीत कळल्यावर सगळंच अंगावर आलं: लगेच मूल, एग फ्रीझिंग, की आयव्हीएफ करून, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करून, त्याची तपासणी? लपवालपवीने लग्न वाचलं असेल, तिची वर्षं गेली.

गर्भतपासणी म्हटलं की सोनोग्राफी सेंटरवरची पाटी आठवून लोक दचकतात. बंदी लिंगनिदानाला आहे. घराण्यात आधीच माहीत असलेल्या आनुवंशिक आजारासाठी आयव्हीएफमधले गर्भ तपासायला २०२१ चा एआरटी कायदा, म्हणजे आयव्हीएफसारख्या उपचारांचा कायदा, परवानगी देतो. खर्च मात्र लाखांत, आणि यशाची हमी नाही.

म्हणून ज्यांना ते करायचंच नाही, त्यांना "मग पोर कशाला जन्माला घालता?" विचारणाऱ्यांचा मला राग येतो. दोष पुढे जायची शक्यता प्रत्येक मुलामागे निम्मी. गेला तरी कॅन्सर होईलच असं नाही. तपासून घेणारे आणि न तपासता मूल होऊ देणारे, दोघंही माझ्या लेखी शहाणेच. ठरवायचं त्या नवरा-बायकोने.

आणि हो, दोष बापाकडूनही तितकाच येतो. सुनेच्या माहेरावर घसरायच्या आधी स्वतःच्या आत्यांची यादी काढा. मामाच्या मुलीशी लग्न होतं त्या घरांनी तर जास्तच. दोघांतही बीआरसीए-२ (बीआरसीए-१ सारखाच दुसरा जनुक) दोष निघाला, तर प्रत्येक मुलाला फॅन्कोनी अ‍ॅनिमियाची शक्यता २५ टक्के; तो रक्ताचा गंभीर आजार आहे.

गणपतीला चाकरमानी घरी येतील, तेव्हाच विचारून घ्या. शक्यतो ज्याला कॅन्सर झाला आहे त्याचीच जनुकतपासणी आधी करतात. घराण्यातला नेमका दोष सापडला की बाकीच्यांचं काम सोपं होतं. कोकणकन्येने पनवेलला उतरलं की खारघरचं टाटाचं कॅन्सर केंद्र, अ‍ॅक्ट्रेक, जवळच आहे. जाताना बायॉप्सीचे जुने रिपोर्ट न्या आणि कुणाला कितव्या वर्षी निदान झालं ते लिहून न्या. डॉक्टर ते विचारतातच.