गटात बसवल्याने हुशार मुलांचं नुकसान होतं का?

शाळा सुरू झाल्या की पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मजकूर फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गटात एक मूल राबतं आणि बाकीची उतरवून घेतात; हुशार मुलांचा वेळ वाया जातो; एकोपा काय, मुलं शेजारी बसली की आपोआप होतो; तेव्हा माझ्या मुलाला गटात बसवू नका, असं शाळेला लेखी कळवा.

पहिली तक्रार खोटी नाही. गटाला एकच तक्ता आणि सगळ्यांना मिळून एकच गुण दिले, की चांगलं अक्षर असलेली मुलगी लिहीत बसते आणि बाकीचे स्केचपेनची टोपणं काढत-लावत बसतात. पण हा दोष काम तसं दिल्याचा आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले रॉबर्ट स्लाव्हिन यांनी रुजवलेल्या पद्धतीत अभ्यास गटात होतो, चाचणी मात्र ज्याची त्याने एकट्याने द्यायची. आधीच्या सरासरीपेक्षा प्रत्येक जण किती पुढे गेला, यावर गटाचे गुण ठरतात. ४० वरून ५५ वर आलेला मुलगा गटाला भरपूर मिळवून देतो. पैकीच्या पैकी मिळवणाऱ्यालाही पूर्ण गुण असतातच. अशा गटात मागे पडणाऱ्याला शिकवण्यात सगळ्यांचा फायदा, आणि वहीतून उतरवून घेऊन कुणाचंच भागत नाही.

हुशारांच्या नुकसानीचं म्हणाल, तर शिक्षण-संशोधक नोरीन वेब यांचे गटांतल्या मुलांच्या बोलण्यावरचे अभ्यास पाहावेत. दुसऱ्याला रीत समजावून सांगणाऱ्याचं स्वतःचं शिकणं पक्कं होतं. नुसतं उत्तर सांगून टाकलं तर तसा लाभ दिसत नाही. अर्थात एकाच मुलीला वर्षभर छोटी बाई करून ठेवणं चूकच. गट बदलायला हवेत.

एकोपा आपोआप होतो, हा दावा मात्र साफ चुकीचा. १९७१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना नुकतंच एका वर्गात आणलं होतं. शेजारी बसून मैत्री झाली नाहीच, मारामाऱ्या झाल्या. मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन आणि त्यांचे विद्यार्थी वर्गात जाऊन बसले, तेव्हा दिसलं की शिक्षक प्रश्न विचारतात, हात वर होतात आणि एकाचं चुकलं की दुसऱ्याला आनंद होतो. त्यांनी धडाच सहा तुकड्यांत कापला. गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा, आणि परीक्षा सगळ्या धड्यावर. अडखळत इंग्रजी बोलणाऱ्या मुलाची टर उडवली, तर त्याच्याकडचा भाग कळणारच नाही! मुलं मग नीट प्रश्न विचारायला शिकली. काही आठवड्यांत एकमेकांबद्दलची आपुलकी वाढली, अल्पसंख्याक मुलांचे गुण सुधारले, आणि गोऱ्या मुलांची प्रगती जराही खाली आली नाही. ओळखीचे खेळ घेऊन पहिला तास हसताखेळता जातो, तेही हवंच. पण पुढच्या सोमवारी एकमेकांवाचून अडेल असं काम नसेल, तर मुलं आपापल्या कोंडाळ्यात परत जातात.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. वर्गात कोण ‘ढ’ आणि कोण ‘पहिला नंबर’, हे मुलांना पाठ असतं. आडनाव, वाडी, घरची बोली यांवरूनही आडाखे बांधले जातात. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या समाजशास्त्रज्ञ एलिझाबेथ कोहेन यांनी दाखवलं, की ज्याचा मान मोठा तो गटात जास्त बोलतो, आणि जो बोलतो तो शिकतो. म्हणून शिक्षकाने गप्प मुलाचं नेमकं काम सगळ्यांसमोर नाव घेऊन दाखवायचं: ‘आकृतीतली चूक हिने पकडली.’ नुसतं ‘शाब्बास’ म्हणून उपयोग नाही.

साठ मुलांच्या वर्गात हे अवघड आहे, मान्य. पण पुढच्या बाकावरच्या दोघांनी मागे वळून बसायला जागा लागत नाही, नि पैसाही.

तेव्हा शाळेला लिहायचंच असेल, तर दोन प्रश्न लिहा: गटकार्यानंतर चाचणी प्रत्येकाची वेगळी होते का, आणि गट किती दिवसांनी बदलता?