रात्री मेलेल्या कोंबडीचा आळ मुंगसावर कशाला?

आमच्याकडं कोंबडी मेली की तपास होत नाही. निकाल आधीच लागलेला असतो. पहाटे खुराड्यात मान मोडलेली कोंबडी दिसली, मुंगूस. अंडी गायब, मुंगूस. संध्याकाळी पिल्लू कमी भरलं, मुंगूस. हेच मुंगूस रस्त्यात आडवं गेलं तर शुभ, लहानपणी त्यानं तोंड दाखवावं म्हणून आपण त्याला रामाची शपथ घालायचो, आणि परड्यात दिसलं की मात्र काठी घेऊन त्याच्या मागं.

मी कोल्हापूरजवळच्या वडणग्यात राहते. घराला लागून परडं, परड्याच्या पलीकडं ऊस. कोंबड्या आमच्या आत्याबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, काळापासूनच्या. पाळायच्या म्हणून कुणी ठरवून आणल्या नाहीत, त्या आहेतच. त्यामुळं कोंबडी कशानं मेली यावरचे वाद मी लग्न झाल्यापासून ऐकत आलेय, आणि आता माझंही एक मत झालंय. मुंगूस दिवसा फिरणारं जनावर आहे. उन्हं वर आली की बाहेर पडतं आणि दिवस मावळायच्या सुमारास बिळात जातं. मग दिवेलागणीला धडधाकट डाललेली, म्हणजे खुराड्यात कोंडलेली, कोंबडी पहाटे मेलेली निघाली, तर त्यात मुंगूस कुठनं आलं? आधी वेळ बघा, मग नाव घ्या.

रात्रीचे गिऱ्हाईक वेगळे. बोका, रानमांजर, उदमांजर, कोल्हा, घूस, साप आणि कुत्री. प्रत्येकाची खूण वेगळी असते, पण ती सकाळी झाडलोट करायच्या आधी बघायला लागते. रानमांजर किंवा कोल्हा शक्यतो कोंबडी उचलून नेतो. मागं पिसांची एक रेघ राहते, ती बहुतेक उसाच्या बांधाकडं जाते. घूस खालनं येते, जमिनीत भोक आणि बाजूला ताज्या मातीचा ढीग. ती मोठ्या कोंबडीच्या वाटेला सहसा जात नाही, पिल्लं आणि अंडी नेते. साप तर काहीच ठेवत नाही. अंडं टरफलासकट गेलं आणि जाळी कुठं फाटलेली नसेल, तर धामण किंवा नाग समजायचा. कधी पिल्लू मरून तिथंच पडतं आणि त्याचं डोकं-मान ओलसर चिकट असते. म्हणजे गिळायला घेतलं होतं, जमलं नाही, सोडून दिलं.

आणि "रक्त पिऊन गेलं" हे जे आपण म्हणतो ना, तेही जरा बाजूला ठेवा. मानेला चावा बसला की रक्त येणारच. शिकारी बंद खुराड्यात शिरला की कोंबड्या फडफडतात, पळायला जागा नसते, आणि समोर काही फडफडतंय तोवर तो चावत सुटतो. एक खातो, चार मारून ठेवतो. उघड्या रानात पहिली पकडली की बाकीच्या पळून जातात, म्हणून तिथं असा खच दिसत नाही.

आता खरं बोलायचं ते कुत्र्यांबद्दल. दार ढकललेलं, जाळी ओढून वाकवलेली, कोंबड्या परडंभर इकडं तिकडं फेकलेल्या, पिसं सगळीकडं आणि खाल्लेली एकही नाही, असं दिसलं तर ते कुत्र्याचंच काम. बहुतेक दोन-तीन मिळून. माझ्या मते आमच्या भागात गावठी कोंबड्यांचं सगळ्यात जास्त नुकसान कुत्री करतात. पण कुत्र्याचं नाव घेतलं की पुढचा प्रश्न येतो, कुणाचं कुत्रं? दिवसा कुणाच्या तरी दारात भाकरी खाणारं आणि रात्री मोकळं सोडलेलं कुत्रं असतं ते. मालक शेजारी, नाहीतर भावकीतला. पाण्याच्या पाळीवरनं आधीच धुसफूस चालू असते, त्यात आणि हे कुठं काढा? म्हणून मुंगूस. मुंगसाला मालक नसतो, ते भांडायला येत नाही, त्याची भावकी ग्रामपंचायतीत नसते.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण मग कुणीतरी उसाला टाकायचं दाणेदार औषध मटणाच्या तुकड्यात घालून बांधाला ठेवतं. ते मुंगूसच खाईल असं त्याला कुणी सांगितलंय? खातं शेजारचं मांजर, खातात कावळे, खातं धनगराच्या कळपाबरोबर आलेलं कुत्रं. आणि मुंगूस काय, धामण काय, घार काय, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ही सगळी येतात. मारणं हा गुन्हा आहे. पण कायद्याचं सोडा, नुसता हिशेब करा. मुंगूस आणि धामण गेली की घुशी आणि उंदीर वाढणार. घुशी वाढल्या की खुराड्याखाली भोकं पडणार. परत कोंबड्याच जाणार.

आमच्यात कोंबड्यांवर खर्च करायची तयारी असते, खुराड्यावर नसते. कडकनाथ, ती काळी कोंबडी, तिच्या पालनाची योजना आली होती तेव्हा बघितलंच की. 2019 साली सांगली-कोल्हापूरकडं किती जणांचे पैसे बुडाले ते नव्यानं सांगायला नको. पक्ष्यावर लाख-लाख रुपये लावणाऱ्यांनी दाराला सुतळी बांधलेली मी बघितलीय.

षटकोनी भोकांची जी पातळ जाळी आपण "कोंबडीची जाळी" म्हणून आणतो, ती कोंबडी आत ठेवायला आहे. बाहेरच्याला बाहेर ठेवायला नाही. कुत्रं ती दातानं ओढून फाडतं. आतल्या अंगाला कोंबडी जाळीला टेकून झोपली असेल तर मांजर बाहेरनं पंजा घालून तिचा पाय नाहीतर पंख ओढतं. खालच्या तीन फुटांना तरी अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्डिंगनं जोडलेली कडक चौकोनी जाळी, पाहिजे. महाग आहे, मान्य. पण पूर्ण खुराड्याला लागत नाही. वर पत्रा, खाली फरशी नाहीतर कोबा, म्हणजे घुशीचा प्रश्न मिटला. फरशी परवडत नसेल तर जाळीचा फूटभर भाग बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा पसरून वर दगड-माती टाकायची. उकरणारं जनावर भिंतीला लागूनच उकरतं, पाय जाळीला अडतात. मागं सरकून लांबनं उकरायला सुरुवात करायचं त्याच्या डोक्यात सहसा येत नाही.

दाराला कडी-कोयंडा, आणि दाराखाली फट नको. सगळीकडनं पत्रा ठोकून पेटी करू नका. एप्रिल-मेमध्ये कोंबड्या आतच गुदमरतील. आणि आपल्याकडच्या पावसात ओल धरून जी दुर्गंधी सुटते, तिच्यानंही कोंबड्या आजारी पडतात. वरच्या अंगाला जाळी, वारा खेळता, खाली पाचट किंवा भुसा, ओला झाला की बदलायचा.

खाद्याचं बघा. मक्याचा भरडा उघड्या पोत्यात ठेवला की उंदीर येतात, उंदरामागं साप येतो, आणि साप आला की आपण म्हणतो खुराड्यावर सापाचा डोळा आहे. त्याला उंदीर हवा होता, अंडं वाटेत सापडलं. खाद्य झाकणाच्या पिंपात आणि रात्री खुराड्यात सांडलेला दाणा नको, एवढं केलं तरी निम्मं काम होतं. तरी साप निघालाच तर सर्पमित्राला फोन करा. आता बहुतेक गावांत कुणी ना कुणी असतो.

दिवसाची गोष्ट निराळी. दिवसा मुंगूस आहेच, मी त्याला साधू ठरवायला बसले नाही. एकटं भटकलेलं पिल्लू ते नेणार. पण दिवसा कोंबड्याच एकमेकींना सांभाळतात, त्यात नर चांगला असेल तर विचारूच नका. घार दिसली तर तो एक लांब बारीक आवाज काढतो आणि सगळ्या जागच्या जागी दबतात, नाहीतर झुडपात शिरतात. जमिनीवरनं मांजर-कुत्रं आलं तर त्याचा कलकलाट वेगळाच, आणि मग सगळ्या मान वर काढून बघतात. आत्याबाई चुलीपुढं बसून नुसत्या आवाजावरनं सांगतात, "आभाळातलं हाय गं, पिल्लं बघ." याचा अभ्यास शास्त्रज्ञांनीही केलाय. कोंबडा या दोन धोक्यांना दोन वेगळ्या हाका देतो हे त्यांनीही मांडलंय. आत्याबाईंना याचं काही विशेष वाटलं नाही.

म्हणून परडं चकाचक साफ करू नका. जास्वंद, कढीपत्ता, बांधाला तुरीच्या दोन ओळी, काहीतरी आडोसा पाहिजे. उघड्या अंगणात घारीला पिल्लू उचलायला काही लागत नाही. कावळा तर घारीपेक्षा बेरकी. तो जवळ बसून वाट बघतो. पिल्लं अंगानं जरा भरेपर्यंत त्यांना आईबरोबर डालग्याखालीच, म्हणजे पालथ्या टोपलीखाली, ठेवलेलं बरं. ते चमकणाऱ्या सीडी टांगणं वगैरे चार दिवस चालतं, मग कावळा त्याच दोरीवर येऊन बसतो.

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण म्हणजे ऊस. पावसाळाभर जी जनावरं उसात निवांत असतात, तिथंच उंदीर खातात, तिथंच पिल्लं घालतात, त्यांचं घर तोड आली की एका दिवसात मोकळं रान होतं. मग ती कुठं जाणार? जवळच्या परड्यात. साखर कारखाने सुरू झाले की गावोगावी कोंबड्या जायला लागतात, दर वर्षी, आणि दर वर्षी आपण नव्यानं चकित होतो. पुराच्या वर्षी तर उलटीकडनं तसंच. 2019 आणि 2021 ला पंचगंगेचं पाणी शिवारात शिरलं तेव्हा साप आणि घुशी उंचावरच्या घरांकडं सरकल्या होत्या. तेव्हा जाळी, कडी, फट जे काय बघायचं ते ऊसतोडीची टोळी गावात उतरायच्या आधी बघा.

आमची तांबडी कोंबडी परवापासून खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसलीय. आत्याबाई म्हणतात, "दहा-बारा अंडी घाल खाली, एवढी चांगली बसलीय." मी म्हणते एकवीस दिवसांनी पिल्लं निघणार, आणि नेमकी तेव्हाच पलीकडच्या उसाला तोड आलेली असणार. रवण, म्हणजे उबवायची अंडी, जानेवारीनंतर घालू. हे म्हणतात, मला विचारू नका. अंडी अजून शिंकाळ्यातच आहेत, आणि तांबडी रिकाम्या टोपलीत बसून जो जवळ येईल त्याला टोचतेय.