अनुशेष फक्त पाण्याचाच नसतो

दहावी-बारावीचे निकाल लागले, नीटची, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेची, यादी आली, की आमच्या जुन्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. यंदाही आला. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: बाबासाहेबांनी आरक्षण दहाच वर्षांसाठी ठेवलं होतं. कमी मार्कांवर डॉक्टर होतात आणि पेशंटचा जीव जातो. गुणवत्तेला किंमत उरली नाही. द्यायचंच तर गरिबी बघून द्या, जात बघून नको. आणि कलेक्टरच्या पोराला कशाला हवं आरक्षण?

पाठवणारे माझ्या ओळखीचे आहेत. बरेचसे शेतकऱ्यांची लेकरं, आता लातूर-नांदेडात स्थिरावलेले. मी बीड जिल्ह्यात शाळेत शिकवते. हे वाचून गप्प बसवत नाही, म्हणून उत्तर देते.

दहा वर्षांचं आधी, कारण ते लवकर संपतं. राज्यघटनेच्या कलम 334 मध्ये दहा वर्षांची मुदत होती ती लोकसभा आणि विधानसभांतल्या राखीव जागांना. दर वेळी घटनादुरुस्ती करून ती वाढवली गेली, सध्या ती 2030 पर्यंत आहे. नोकरीतलं आरक्षण कलम 16(4) खाली येतं, शिक्षणातलं 15(4) खाली. या दोन्हींत मुदत नाही. 15(4) तर मूळ घटनेत नव्हतंच, ते 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीनं आलं.

आता डॉक्टर. नीटमध्ये खुल्या वर्गाला 50 आणि राखीव वर्गाला 40 पर्सेंटाइल लागतं, म्हणून ‘40 टक्केवाला डॉक्टर’. पण पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, परीक्षेला बसलेल्यांपैकी शेकडा किती जण तुमच्या मागे आहेत ते; आणि ही फक्त पात्रतेची रेघ आहे, सरकारी कॉलेजात जागा मिळते ती त्याहून पुष्कळ वर. एकदा आत गेल्यावर शरीररचनाशास्त्राचा पेपर सगळ्यांना एकच, पास व्हायची अटही एकच. राखीव वर्गाला वेगळी पदवी मिळत नाही. 2023 मध्ये पदव्युत्तर नीटची पात्रता सगळ्याच प्रवर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणली होती. जागा रिकाम्या राहू नयेत म्हणून. तेव्हा पेशंटच्या जिवाची काळजी करणारा एकही मेसेज मला आला नाही.

आरक्षणामुळे काम बिघडतं का, हेही तपासून झालं आहे. अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ या अर्थतज्ज्ञांनी भारतीय रेल्वेची 1980 ते 2002 ची आकडेवारी घेऊन पाहिलं की अनुसूचित जाती-जमातींचे कर्मचारी जास्त असले की उत्पादकता घसरते का. घसरल्याचा पुरावा सापडला नाही. वरच्या पदांवर तर काही ठिकाणी परिणाम चांगला दिसला.

गुणवत्तेच्या मुद्द्यावर मात्र थांबून बोलायचं आहे.

दिवाळी झाली की माझ्या वर्गातले बाक रिकामे होतात. ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते. आई-बाप मिळून एक कोयता, आणि तो कोयता पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊस तोडायला जातो. घरी आजी असली तर लेकरू मागं राहतं, नसली तर कोपीवर, म्हणजे तोडीच्या तळावरच्या झोपडीत, जातं आणि तिथं धाकट्या भावंडाला सांभाळतं. हंगाम संपून टोळी परत येते तोवर वर्गात भूमितीची अर्धी प्रमेयं होऊन गेलेली असतात. सातवीतल्या एका मुलीनं मला विचारलं होतं, "बाई, मी नव्हते तेव्हा काय काय झालं?" चार महिन्यांचं उत्तर मला मधल्या सुट्टीत देता येईना.

याच जिल्ह्यातला दुसरा मुलगा दहावीनंतर लातूरला जातो. क्लास, मेस, खोली धरून दोन वर्षांत लाखो रुपये लागतात. बाप ते भरतो, आई डबा घेऊन सोबत राहते. त्यानं मेहनत केली नाही असं मी म्हणणार नाही, जीव तोडून करतो. पण उद्या नीटमध्ये 720 पैकी त्यानं 560 काढले आणि त्या मुलीनं 450, तर मधल्या 110 मार्कांना तुम्ही गुणवत्ता म्हणणार का? त्यात क्लासची फी किती, आईचा डबा किती, हे कोण वेगळं काढणार? सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2022 मध्ये नीटमधलं ओबीसी आरक्षण वैध ठरवताना हेच सांगितलं: काही वर्गांच्या पदरात आधीच पडलेला सामाजिक-आर्थिक फायदा स्पर्धा परीक्षेत दिसत नाही, म्हणून गुणवत्ता तेवढ्या मार्कांपुरती मोजू नका.

यावर लगेच येईल, "मग गरिबीच बघा की, टोळीत सगळ्याच जातींची माणसं आहेत." आहेतच. मराठा आहेत, वंजारी आहेत, बंजारा, बौद्ध, मातंग आहेत. गरिबीसाठी फी माफी हवी, वसतिगृह हवं, शिष्यवृत्ती वेळेवर हवी. 2019 पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना 10 टक्के आरक्षणही आहे. पण टोळीतून गावात परत आल्यावर कुणाचं घर कुठल्या बाजूला आहे आणि शहरात भाड्यानं खोली बघताना आडनाव विचारल्यावर कुणाला नकार मिळतो, हे उत्पन्नाच्या दाखल्यात लिहिलेलं नसतं. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, बदललं फक्त नाव. दलित आडनावाच्या अर्जाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या सुमारे दोन-तृतीयांश निघाली. शिक्षण तेच, म्हणजे इथं गरिबीचा प्रश्नच नव्हता.

माझ्या मराठा शेजाऱ्याच्या दोन एकर कोरडवाहूचं दुःख मला खोटं वाटत नाही. जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत 2023 मध्ये मराठा आरक्षणासाठी माणसं उपोषणाला बसली ती हौस म्हणून नाही. पण तिथं मागणी आरक्षण मिळावं अशीच आहे, मोडावं अशी नाही.

कलेक्टरच्या पोराचा प्रश्न मी झटकत नाही. ओबीसींना क्रीमी लेअर, म्हणजे सधन घरांना आरक्षणातून वगळणारी अट, 1992 च्या इंद्रा साहनी निकालापासून आहे. अनुसूचित जातींत उपवर्गीकरण करायला न्यायालयानं 1 ऑगस्ट 2024 ला मुभा दिली. ज्या पोटजातींपर्यंत काहीच पोचलं नाही त्यांच्यापर्यंत ते पोचवा, यावर जरूर भांडू. पण एका घराला दोनदा मिळालं म्हणून उरलेल्या वस्तीचं काढून घ्या, हे कुठलं उत्तर?

शेवटी आपल्या मराठवाड्याबद्दल. आपण निजामाच्या राज्यातून 17 सप्टेंबर 1948 ला सुटलो, मागास राहून सुटलो. महाराष्ट्रात यायचं ठरलं तेव्हा 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारात आपल्या पुढाऱ्यांनी काय लिहून घेतलं? अविकसित मराठवाड्याकडे खास लक्ष द्यावं. तांत्रिक आणि व्यावसायिक शिक्षणाच्या प्रवेशांत, सरकारी नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा असावा. पुढं घटनेच्या कलम 371(2) मध्येही शिक्षण आणि नोकरीच्या संधींची तरतूद आली. दांडेकर समितीनं 1984 मध्ये सिंचनाचा, रस्त्यांचा अनुशेष, म्हणजे इतरांच्या तुलनेत राहून गेलेला वाटा, मोजला आणि तेव्हापासून तो शब्द आपल्या प्रत्येक मोर्चात आहे. पुण्याच्या पोराशी तुमचं पोर खुल्या स्पर्धेत उतरू दे, निजामाला जाऊन बरीच वर्षं झाली, असं आपल्याला कुणी म्हटलं असतं तर आपण ऐकून घेतलं नसतं. राखीव पदं वर्षानुवर्षं भरली जात नाहीत तेव्हा सरकारी कागदावर त्यालाही अनुशेषच म्हणतात. शब्द तोच, हिशेबही तोच.

मागास भागांचा अनुशेष भरून निघावा म्हणून नेमलेल्या वैधानिक विकास मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली, तेव्हा याच ग्रुपवर तुम्ही मराठवाड्यावरच्या अन्यायाबद्दल लांबलचक लिहिलं होतं. खरं लिहिलं होतं, मीही त्याखाली सही केली असती. ते मागे जाऊन पुन्हा एकदा वाचा, आणि जिथं मराठवाडा लिहिलंय तिथं माझ्या वर्गातली ती सातवीतली मुलगी आहे असं समजून वाचा.