विल्सनसाहेबांचे कागद आणि आपली भांडणं

महाराष्ट्रात धर्मांतरविरोधी कायद्याचा विषय निघाला की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडतात. काकांचं ठाम मत, मिशनरी आले ते शाळेच्या आडून बाटवायलाच. आत्या गिरगावातल्या मिशनच्या शाळेत शिकलेली, ती फणकाऱ्याने लिहिते, ‘ते आले नसते तर आपल्या आज्या अंगठेबहाद्दरच राहिल्या असत्या.’ मग कोणीतरी मला मध्ये ओढतं, ‘तू एडिंबरोत राहतोस ना, तूच सांग.’ जणू इथली माणसं रोज सकाळी उठून मुंबईच्या पाद्र्यांची आठवण काढतात!

इथे कोणाला त्यांचं काही पडलेलं नाही. २०२२च्या जनगणनेत स्कॉटलंडच्या ५१.१ टक्के लोकांनी आपल्याला कोणताही धर्म नाही असं नोंदवलं. चर्च ऑफ स्कॉटलंडचे म्हणवणारे २०.४ टक्के उरले. देवळं विकायला निघाली आहेत, कुठे फ्लॅट झाले, कुठे पब. ज्या चर्चने आपल्याकडे माणसं पाठवली, त्याची ही गत. पण त्या माणसांची पत्रं, अहवाल, हिशेब मात्र जागच्या जागी आहेत. जॉर्ज चौथा पुलावरच्या राष्ट्रीय ग्रंथालयात फुकट कार्ड मिळतं. दप्तर बाहेर ठेवायचं, पेन चालत नाही, पेन्सिल घेऊन बसायचं.

जॉन विल्सन यांचंच घ्या. लॉडर गावचे, जन्म १८०४चा. चर्च ऑफ स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन पंथाचे पाद्री होऊन १८२९ साली बायकोला, मार्गारेटला, घेऊन मुंबईत उतरले आणि मराठी शिकायला कोकणात हर्णैला गेले. माणूस वादाला आला होता आणि वाद त्याला मिळालाही. १८३१ साली मोरभट दांडेकरांनी हिंदुधर्माच्या बाजूने पुस्तिका काढली. विल्सननी तिचं खंडन छापलं, पण त्याआधी मोरभटांचं म्हणणं इंग्रजीत करून तेही त्याच पुस्तकात घातलं. पुढे साताऱ्याच्या नारायणरावांना उत्तर म्हणून दुसरं खंडन आलं. पारशांशी जुंपली तेव्हा त्यांचे ग्रंथ मुळातून वाचायला बसले. खोडून काढायचं तर आधी वाचायला हवं, एवढी शिस्त त्या माणसात होती, आणि माझ्या मते त्याच शिस्तीने पाद्र्याचा पंडित केला. गिरनारच्या अशोकलेखाचा ठसा मिळवण्यात त्यांचा हात होता, आणि त्या लिपीचं कोडं सोडवणाऱ्या प्रिन्सेपना तो उपयोगी पडला. एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे ते अध्यक्ष झाले, १८६८ साली मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. चौपाटीवरच्या कॉलेजाला त्यांचंच नाव आहे.

मात्र उद्देश काही बदलला नाही. १८७५ साली मुंबईतच वारले तेव्हाही ते पाद्रीच होते. ‘आधी धर्मवेडे, मग विद्वान’ अशी सोयीची गोष्ट या चरित्रातून निघत नाही.

मार्गारेटबाईंचं प्रकरण मला जास्त अस्वस्थ करतं. मुंबईत मुलींच्या शाळा त्यांनी काढल्या. गावदेवीतली सेंट कोलंबा शाळा आपला इतिहास १८३२ पासून, त्यांच्यापासूनच सांगते. १८३५ साली त्या गेल्या. तीन वर्षांनी नवऱ्याने त्यांची पत्रं आणि रोजनिशी जुळवून जाडजूड चरित्र एडिंबरोत छापून घेतलं. त्यात बाई दिसतात, पण नवऱ्याने निवडून दिलेल्या. आणि त्यांच्या वर्गात बसलेल्या मुली? त्या जेवढ्या दिसतात तेवढ्या बाईंच्याच शाईतून. विल्सनांचा मुलगा अँड्र्यू बापाच्या वाटेने गेलाच नाही. वर्तमानपत्रं चालवली, हिमालय पालथा घातला.

आता काकांचा मुद्दा. तो खोटा नाही. १८३९ साली धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या विल्सनांच्या शाळेतल्या पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला, प्रकरण कोर्टात गेलं आणि लोकांनी पोरं काढून घेतल्याने शाळा ओस पडली. १८४३ साली नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, जेमतेम बारा वर्षांचा, मिशनच्या घरी राहिला. विल्सन तेव्हा स्कॉटलंडला गेलेले होते. बापाने कोर्टातून पोर परत मिळवलं. खरी लढाई त्यानंतर लागली, आणि ती आपल्या आपल्यात. बाळशास्त्री जांभेकर म्हणाले, प्रायश्चित्त देऊन पोराला जातीत घ्या. सनातन्यांनी त्यांच्यावरच बहिष्काराचं हत्यार उपसलं. पाद्र्यांनी पोर नेलं याचा संताप होताच, पण परत आलेल्या पोराला दार उघडायचं की नाही यावर मुंबईचे ब्राह्मण फुटले. ग्रुपवर हा भाग कोणी फॉरवर्ड करत नाही.

बाळशास्त्रींचं म्हणणं आज त्यांच्याच शब्दांत वाचता येतं, कारण ग. गं. जांभेकरांनी १९५० साली पुण्यात त्यांचं लेखन तीन खंडांत छापून ठेवलं. असे जांभेकर किती घराण्यांना लाभले? आपल्याकडे आजोबा गेले की वर्षश्राद्धाच्या आत ट्रंक रद्दीवाल्याकडे जाते. जे ठेवतात ते दाखवत नाहीत, घराण्याच्या नावाला बट्टा लागेल म्हणून. आणि कोणी दाखवलं, दुसऱ्या कोणी त्यावर लिहिलं, तर भावना दुखावतात. शिवाजी महाराजांवरच्या एका पुस्तकाच्या रागातून जानेवारी २००४ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेवर चालून गेलेल्या जमावाने पोथ्यांचा काय गुन्हा पाहिला होता, हे मला अजून कळलेलं नाही.

इथली माणसं फार सोज्वळ आहेत असं नाही. १८४३ साली चर्च ऑफ स्कॉटलंड फुटलं आणि विल्सन त्यातून वेगळ्या झालेल्या फ्री चर्चमध्ये गेले. त्या नव्या चर्चने पुढच्याच वर्षी अमेरिकेतून देणग्या आणल्या, त्यात गुलामांच्या मालकांचाही पैसा होता. १८४६ साली फ्रेडरिक डग्लस, जो स्वतः गुलामीतून पळालेला, स्कॉटलंडभर सभा घेत ‘पैसे परत करा’ म्हणून गरजत फिरला. चर्चने पैसे परत केले नाहीत. पण ते सगळं नोंदलेलं आहे, आणि चर्चला लाज आणणारं असूनही आजचा स्कॉटिश अभ्यासक ते उघड लिहितो. त्यासाठी त्याच्या घरावर कोणी दगड टाकत नाही.

म्हणून विल्सन देवमाणूस की बाटवणारे, या प्रश्नावर मी ग्रुपवर मत देणं सोडलं आहे. दोन्ही त्याच एका माणसाच्या हातून झालं आणि कागदांत दोन्ही आहे. मला खटकतं ते वेगळंच. मोरभटांनी काय लिहिलं हे जाणून घ्यायला मी विल्सनांचं पुस्तक उघडतो. श्रीपतच्या बापाला काय वाटलं असेल, हे मिशनच्या बाजूने लिहिणाऱ्यांकडून ऐकतो. आपल्या बाजूचा साक्षीदार प्रतिपक्षाने जपून ठेवला, आणि आपण मात्र त्याच्या नावाने घोषणा देतोय.

काकांना मी एवढंच लिहिलं की तुमच्या वडिलांच्या कोर्टाच्या फायली माळ्यावर आहेत, त्या कोणाला देऊ नका, मी डिसेंबरात येऊन फोटो काढतो. उत्तर आलं, ‘त्यात भाऊबंदकीचे दावे आहेत, जगाला कशाला दाखवायचे?’ आत्याने त्यावर अंगठा दिला. या एका मुद्द्यावर दोघांचं एकमत झालं.