विल्सनच्या गोळ्या ‘वर्षभर घेऊन बंद करा’? कृपा करून करू नका

निपाणीपासून खानापूरपर्यंतच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मजकूर फिरतोय: ‘विल्सन आजारात अंगात तांबे साठते. पेनिसिलामाइनचा पूर्ण डोस पहिल्या दिवसापासून, जेवणानंतर घ्या. वर्षात तांबे धुऊन निघते, मग गोळ्या बंद. तांब्याची भांडी घराबाहेर काढा, आजार परतत नाही.’ माझा धाकटा भाऊ ११ वर्षं याच गोळ्यांवर आहे, त्यामुळे मला गप्प बसवत नाही.

‘वर्षानंतर बंद’ हे सगळ्यात घातक. यकृत जास्तीचं तांबं पित्तावाटे बाहेर टाकतं, ते एटीपी७बी या जनुकाच्या जोरावर. आई-वडील दोघांकडूनही ते बिघडलेलं आलं की विल्सन होतो. गोळी साठलेलं तांबं लघवीवाटे काढते, जनुक दुरुस्त करत नाही. आणि डाळी, शेंगदाण्यांतून तांबं रोज पोटात जातच असतं. तब्येत स्थिरावल्यावर डॉक्टर डोस कमी करतात, हे खरं. पण कमी करणं वेगळं, सोडणं वेगळं. गोळ्या सोडलेल्यांचं यकृत अचानक निकामी होऊन जीव गेलेत.

‘पूर्ण डोस पहिल्या दिवसापासून’ घेतला तर, मेंदूवर परिणाम झालेल्या रुग्णाच्या हातांची थरथर, अडखळणारं बोलणं आणखी वाढू शकतं. काहींचं ते पुन्हा भरून येत नाही. म्हणून मोठ्या माणसाला साधारण १२५ ते २५० मिलिग्रॅमवर सुरू करून डोस टप्प्याटप्प्यानं वाढवतात. पुढे तो ठरतो २४ तासांच्या लघवीतल्या तांब्यावरून. दिवसभराची लघवी साठवलेला कॅन मांडीवर धरून आम्ही बसनं बेळगाव गाठतो. औषध नीट चालू असलेल्या रुग्णात दिवसाला २०० ते ५०० मायक्रोग्रॅम तांबं अपेक्षित असतं. आकडा २०० च्या खाली गेला तर त्याचे दोन उलटे अर्थ निघतात: गोळ्या चुकतायत, किंवा औषध जास्त होऊन अंगातलं तांबं गरजेपेक्षा कमी झालंय. मग रक्तातलं मोकळं, म्हणजे प्रथिनाला न बांधलेलं, तांबं बघतात. ते चढलेलं असलं तर गोळ्या चुकल्या, फारच उतरलेलं असलं तर डोस जास्त. असा कमी आकडा पहिल्यांदा आला तेव्हा मी आनंदानं आईला फोन केला होता. भाऊ महिनाभर रात्रीची गोळी टाळत होता.

‘जेवणानंतर घ्या’ हेही चूक. अन्नामुळे औषध निम्म्याच्या आसपासच अंगी लागतं. जेवणाआधी १ तास, नाहीतर नंतर २ तासांनी घ्यायचं.

भांड्यांचं म्हणाल, तर तांब्याच्या घागरीतलं पाणी रुग्णानं पिऊ नये, एवढं बरोबर. अंगणातला आंघोळीचा बंब मोडीत घालायचं कारण नाही.

त्या मजकुरात भावंडांबद्दल एक अक्षर नाही. रुग्णाच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक असते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नं होतात. अशा जोडप्यात दोघांकडे तेच बिघडलेलं जनुक असण्याची शक्यता वाढते. काहीच त्रास नसला तरी भावंडांच्या रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन (तांबं वाहून नेणारं प्रथिन) आणि डोळ्यांच्या बुबुळांची कडा (तिथंही तांबं साठतं) तपासून घ्या. भावाचं निदान झालं त्याच आठवड्यात माझीही तपासणी झाली.