बस कुठल्या दारातून सुटते, एवढं तरी तिकिटावर छापा

आज मैत्रिणीला सोडायला बाझेल या स्विस शहराच्या विमानतळावर गेले होते. परत निघताना पुन्हा तेच दिसलं आणि डोकं फिरलं. सत्तरीच्या पुढचं एक जोडपं, दोन मोठ्या बॅगा, हातात तिकिटाची प्रिंट. ५० नंबरच्या हिरव्या बसच्या ड्रायव्हरला दोघं आळीपाळीने विचारतायत, "फ्रायबुर्ग? फ्रायबुर्ग?" तो नुसती मान हलवतोय. त्यांची बस सुटायला बारा मिनिटं होती, आणि ते चुकीच्या देशाच्या दारात उभे होते.

इथे न आलेल्यांना हे पटत नाही म्हणून सांगते. हा विमानतळ सगळाच्या सगळा फ्रान्सच्या जमिनीवर आहे. १९४९ मध्ये फ्रान्स आणि स्वित्झर्लंडने करार करून तो दोघांचा म्हणून चालवायला घेतला. त्यामुळे बाहेर पडायला दोन दारं. एक स्वित्झर्लंडचं, तिथून ५० नंबर थेट बाझेलला जाते. दुसरं फ्रान्स आणि जर्मनीचं. जर्मनीतल्या फ्रायबुर्गची बस या दुसऱ्या दाराबाहेरून सुटते. आणि तिकिटावर काय छापलेलं असतं? "विमानतळ". बस्स. एक शब्द.

माझ्या आईच्या तिकिटावरही तेवढंच होतं.

आई पहिल्यांदा एकटी आली तेव्हा मला सुट्टी मिळाली नाही. फोनवर सांगितलं, "सामान घे आणि बाहेर ये, समोरच बस असते." ती गर्दीबरोबर चालत गेली आणि गर्दी गेली स्विस दाराने. तिच्या फोनला नेटवर्क नाही. बाकावर बसून ती येणारी प्रत्येक बस बघत राहिली. तिची बस पलीकडच्या दारातून वेळेवर सुटून गेली. मी इकडे फ्रायबुर्गच्या बसस्टँडवर. बसमधून सगळे उतरले, ड्रायव्हरने सामानाचा कप्पा बंद केला, आई नाही. त्या क्षणी पोटात काय झालं ते आज लिहितानाही होतंय.

बस कंपनीला फोन केला. तिकडची बाई म्हणाली, प्रवाशाने योग्य थांब्यावर हजर राहावं अशी अट आहे. अहो, पण योग्य थांबा कुठला ते कुठे लिहिलंय? त्यावर उत्तर नाही. नवीन तिकीट काढा म्हणे.

हो, विमानतळावर पाट्या आहेत, चांगल्या ठळक आहेत. मान्य. पण रात्रभर प्रवास करून आलेल्या, आयुष्यात पहिल्यांदा या देशात पाय ठेवणाऱ्या बाईला आपण फ्रान्समध्ये उतरून स्वित्झर्लंडच्या दाराने बाहेर पडलोय आणि जायचंय जर्मनीला, हे कसं कळावं? एक ओळ जास्त छापायला शाई किती लागते?

आणि कृपा करून कुणी "टॅक्सी करायची ना" असं लिहू नका. तेव्हाही चार जणांनी हेच ऐकवलं. रेल्वेचे रूळ या विमानतळाच्या अगदी जवळून जातात, पण तिथे स्टेशन नाही. म्हणजे ज्याच्याकडे गाडी नाही, त्याला बसच. बसमध्ये कोण असतं ते एकदा बघा. विद्यार्थी, नातवंडांना भेटायला आलेले आजी-आजोबा, रात्रपाळीला निघालेली माणसं. यांनी सीमा ओलांडायची तर दर वेळी टॅक्सी करायची का?

त्या दिवशी आईला सफाई कामगारांपैकी एकाने पाहिलं. त्याने तिकीट हातात घेतलं, वाचलं, काही न बोलता ट्रॉलीची दिशा वळवली आणि तिला आतूनच पलीकडच्या दाराशी नेलं. आई मराठीत बोलत होती, तो त्याच्या भाषेत. पुढची बस येईपर्यंत तो दोनदा येऊन बघून गेला. नवीन तिकिटाचे पैसे गेले, त्याचं काही नाही. ऱ्हाइन नदी ओलांडून जर्मनीत शिरल्यावर पोलीस पासपोर्ट बघायला बसमध्ये चढले (सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने जमिनीवरच्या सगळ्याच सीमांवर तपासणी सुरू केली आहे), तेव्हा मात्र ती घाबरली नाही. उतरल्यावर मला म्हणाली, "अगं, त्या मुलाचं नाव विचारायचं राहिलं."

बस कंपनीने नंतर पत्र पाठवलं. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. तिकीट मात्र आजही तसंच आहे, आज त्या आजोबांच्या हातात बघितलं. राग येतो तो याचा.

मला त्याच बसने यायचं होतं, म्हणून एक बॅग मी घेतली, एक आजोबांनी. आजींनी माझं मनगट धरलं ते थेट बसच्या पायरीशी सोडलं. चार मिनिटं उरली होती.

घरी येऊन आईला फोन केला, सगळं सांगितलं. तिने मधेच थांबवून विचारलं, "आणि उतरताना त्यांना घ्यायला कुणी आलं होतं ना?"

आलं होतं. मुलगी होती. कठड्याला टेकून उभी होती, बस वळताना दिसल्याबरोबर धावत आली.