जरा थांबा, मंत्री उलटे दिसतायत

आमच्या बातम्यांचे फोटो काढायच्या धंद्यात आता मिनिटाला शंभर फोटो काढणारा माणूस आळशी समजला जातो. 2023 साली जाहीर झालेला एक कॅमेरा सेकंदाला 120 फ्रेम टिपतो. म्हणजे नेत्याचं नाक हुळहुळायला लागल्यापासून रुमाल खिशात परत जाईपर्यंत पाच-सहाशे फोटो कार्डात जमा. मी त्याच शिंकेचे दोन काढतो. दुसरा अर्थातच तेव्हा, जेव्हा माझा फिल्मचा होल्डर उलटून घालेपर्यंत नेत्याला दुसरी शिंक येते.

कारण माझ्याकडे स्पीड ग्राफिक आहे. 1912 ते 1973 या काळात अमेरिकेत बनलेला, पेटीतून भाता बाहेर ओढायचा, मोठ्या फिल्मचा कॅमेरा. एकेकाळी तिथल्या बातमीदार छायाचित्रकाराच्या हातात हाच असे. याला रोल लागत नाही, 4 बाय 5 इंचाची सुटी फिल्म लागते. होल्डरच्या दोन बाजूंना दोन फिल्म, की झाला तुमचा साठा. पण ती निगेटिव्ह नेहमीच्या 35 मिलिमीटरच्या फ्रेमपेक्षा साधारण 13 पट मोठी असते. हा आकडा मी संपादकांना इतक्या वेळा ऐकवलाय, की मी 'ते' म्हटलं की तेच 'तेरा पट' म्हणून वाक्य पुरं करतात.

फोटो काढायची रीत सोपी आहे. कॅमेरा तिकाटण्यावर चढवायचा. मागचा शटरचा पडदा उघडा ठेवायचा, डोक्यावर काळं कापड घ्यायचं आणि घासलेल्या काचेवर भिंगातून फोकस बघायचा. काचेवर प्रतिमा उलटी पडते, शिवाय डावं ते उजवं दिसतं. राजकारणाच्या वार्तांकनात याची मला फारशी अडचण झालेली नाही. फोकस जमला की कापडातून बाहेर यायचं, पडद्याला चावी द्यायची, होल्डर सरकवायचा, त्याची डार्क स्लाइड, म्हणजे फिल्म झाकणारी पट्टी, उपसायची आणि बटण दाबायचं. होल्डर आत गेला की काच झाकली जाते. म्हणजे ज्या क्षणाचा फोटो निघतो, नेमक्या त्या क्षणी कॅमेऱ्यातून काहीच दिसत नाही. आपण फोकस केलेला माणूस अजून तिथेच आहे असं गृहीत धरायचं. मंत्री असेल तर हे गृहीतक बरंच धाडसी.

जुने लोक एवढं करत नसत, हेही सांगायला हवं. त्यांच्या कॅमेऱ्याला बाजूला रेंजफाइंडर, म्हणजे अंतर जुळवून फोकस करायचं यंत्र, असे, वर तारेची चौकट असे. चौकटीतून बघितलं, दाबलं, पुढे पळाले. मला ते करता येत नाही, कारण रेंजफाइंडर ठरावीक लेन्सशी जुळवलेला असतो आणि मी लावलीय एअरो एक्टार. दुसऱ्या महायुद्धात टेहळणी विमानांतून जमिनीचे फोटो घ्यायला कोडॅकने बनवलेली ही लेन्स. तिला स्वतःचं शटर नाही, म्हणून मागे पडद्याचं शटर असलेली स्पीड ग्राफिक तिला बरोबर जमते. प्रकाश भरपूर घेते, पार्श्वभूमी लोण्यासारखी वितळवते. पण पूर्ण उघडली की फोकस इतका पातळ, की वक्त्याची भुवई धारदार आणि कान धुक्यात. वक्ता मुद्द्यावर जोर द्यायला जरा पुढे झुकला की कान धारदार आणि भुवई धुक्यात. पुष्कळ नेत्यांच्या कानांचे उत्तम फोटो माझ्या संग्रही आहेत.

याच लेन्सच्या काचेत थोरियम आहे. किंचित किरणोत्सर्गी. मी जिवंत आहे, त्यामुळे काळजीचं कारण नाही. मात्र ही माहिती कुठे सांगू नये याची जागा ठरलेली आहे: सुरक्षा तपासणीची रांग.

त्या रांगेबद्दल जरा सविस्तर बोलावं लागेल, कारण बातमीपेक्षा माझा जास्त वेळ तिथेच जातो. पेटी उघडली की आतून भाता, पितळ, स्प्रिंगा आणि दुसऱ्या महायुद्धातली एक भलीमोठी काच बाहेर येते. इतर छायाचित्रकार पास दाखवून आत जातात. माझ्यासाठी वरिष्ठांना बोलावलं जातं.

"हे काय आहे?"

"कॅमेरा."

"चालू करून दाखवा."

"साहेब, याला चालू-बंद नसतं. बॅटरीच नाही."

बॅटरी नसलेलं यंत्र बॅटरी असलेल्यापेक्षा जास्त संशयास्पद असतं, हे मी अनुभवाने शिकलो. मग ते फिल्मच्या डब्याकडे वळतात. तो क्ष-किरणांच्या यंत्रातून घालू नका अशी माझी विनंती. का, तर फिल्म धुरकटते. "बरं, मग उघडून दाखवा." आणि इथे मला खरं बोलावं लागतं: "उघडला तर आतलं सगळं बरबाद होईल." हे वाक्य कुठल्याही सुरक्षारक्षकाला कुठल्याही डब्याबद्दल ऐकायचं नसतं. माझ्या मागची रांग सुरुवातीला कुरकुरत असते, या वाक्यानंतर ती चार पावलं मागे सरकते.

आत पोचेपर्यंत पहिला प्रश्न विचारून झालेला असतो. मी कापडाखाली शिरतो आणि खिशातला फोन थरथरतो. संपादक.

"फोटो पाठवला का?"

"साहेब, फोकस करतोय."

"बाकीच्यांचे वेबसाइटवर लागलेसुद्धा."

"त्यांचे लहान आहेत."

कापडाखाली बोलताना आवाज दबका आणि गूढ येतो. मंत्र्यांच्या अंगरक्षकांना तो अजिबात आवडत नाही.

संपादकांना मी इतिहासाचे दाखले देतो. 6 मे 1937 ला हिंडेनबर्ग हे वायूच्या फुग्याचं अवाढव्य हवाई जहाज पेटलं, तेव्हा सॅम शेअरच्या हातात स्पीड ग्राफिकच होता. डोळ्याला लावायला वेळ नव्हता, त्याने कमरेवरूनच फोटो घेतला आणि तो जगभर गेला. जपानच्या इवो जिमा बेटावरच्या डोंगरावर अमेरिकी सैनिक झेंडा उभारतायत, तो 23 फेब्रुवारी 1945 चा, छायाचित्रकार जो रोझेन्थलचा फोटोही याच कॅमेऱ्याने घेतलेला. आपल्याकडे होमाई व्यारावाला हाच अवजड कॅमेरा घेऊन साडीत वावरत आणि नेहरूंपासून सगळ्यांना टिपत. एवढं ऐकून संपादक म्हणतात, "त्या काळी दुसरा कॅमेरा फारसा नव्हता. तुझं तसं काय आहे?"

मग मी आजच्या काळात येतो. अमेरिकी छायाचित्रकार डेव्हिड बर्नेटने 2004 मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केरींचा निवडणूक प्रचार याच कॅमेऱ्याने आणि याच लेन्सने टिपला, पुढे लंडन ऑलिंपिकलाही तो हा घेऊन गेला. त्याच 2012 च्या ऑलिंपिकआधी जे क्लेंडेनिन या छायाचित्रकाराने अमेरिकी खेळाडूंची व्यक्तिचित्रं अशाच जुन्या पद्धतीच्या मोठ्या कॅमेऱ्याने काढली आणि ती लॉस एंजेलिस टाइम्समध्ये छापून आली. संपादक शांतपणे विचारतात, "त्यांच्याकडे डिजिटलसुद्धा होता ना?" होता. दोघांकडेही होता. मोठी माणसं जुगार खेळतात तेव्हा परतीचं तिकीट आधी काढून ठेवतात, हे फोडून सांगावं तर आपणच हरतो. मी विषय तेरा पटीवर नेतो.

पण खरी अडचण वेगाची नाहीच. ती मला एका मोर्चात कळली. घोषणा जोरात, मुठी हवेत, समोर डिजिटलवाल्यांचा कडकडाट. त्यांच्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं. कॅमेऱ्यांची आता कुणाला नवलाई राहिलेली नाही. मी तिकाटणं उभं केलं, भाता ओढला, डोक्यावर कापड घेतलं. घोषणा हळूहळू बंद झाल्या. मला वाटलं लाठीमार सुरू होतोय. बाहेर डोकं काढून बघतो तर पहिली रांग ओळीने उभी. मधल्या काकांनी टोपी सरळ केलेली. एका बाईंनी मुलाचे केस बोटांनी बसवले. फलक धरणाऱ्याने फलक छातीसमोर, अक्षरं नीट वाचता येतील असा आणला. सगळे माझ्याकडे बघत, श्वास रोखून, घरातल्या भिंतीवर लावायच्या फोटोसाठी उभे राहतात तसे.

"काका, तुम्ही घोषणा द्या ना," मी म्हटलं.

"हलल्यावर फोटो बिघडेल ना तुमचा?"

त्यांचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर होतं. तेवढ्यात त्यांनाच तोडगा सुचला. सगळ्यांनी मुठी वर केल्या, तोंडं उघडली आणि तशीच उघडी धरून उभे राहिले. नि:शब्द. पुतळ्यांचा मोर्चा. तिकडे पोलिसांच्या अधिकाऱ्यानेही, आपण चौकटीत येतोय हे बघून, पोट आत घेतलं.

बातमीच्या छायाचित्रात कुणाला उभं करायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. मी कुणाला उभं केलं नव्हतं. माझ्या कॅमेऱ्याने केलं होतं. रोझेन्थलची गत आठवली. झेंड्याच्या त्या फोटोनंतर त्याने सैनिकांना जमवून आणखी एक फोटो घेतला होता. पुढे कुणीतरी विचारलं, फोटो ठरवून काढलात का? त्याला वाटलं, विचारणारा त्या घोळक्याबद्दल विचारतोय. तो 'हो' म्हणाला. मूळ फोटो अस्सल असूनही तो बनवलेला नव्हता हे आयुष्यभर सांगत बसावं लागलं. माझा तर बनवलेला नसूनही बनवलेलाच होता, आणि तो कुठल्या तोंडाने अस्सल म्हणणार?

बरं, काढल्यावर काम संपतं असंही नाही. ही फिल्म सगळ्याच रंगांना हळवी, त्यामुळे लाल दिवासुद्धा चालत नाही; ठार अंधार हवा. घरात तसा अंधार एकाच ठिकाणी मिळतो आणि त्याची गरज घरातल्या सगळ्यांनाच असते. दाराच्या फटीला टॉवेल कोंबून मी ट्रेमध्ये फिल्म हलवत बसलेलो असतो, मनात सेकंद मोजत, आणि बाहेरून आईचा आवाज येतो, "अजून किती वेळ?" उत्तर दिलं की मोजणी चुकते. न दिलं की आई काळजीने दिवा लावते. बटण बाहेर आहे.

मग धुणं, वाळवणं, स्कॅन. त्या महाकाय निगेटिव्हमध्ये मोर्चातल्या शेवटच्या माणसाच्या शर्टाचं बटणही मोजता येत होतं. छापताना दोन कॉलम. वेबसाइटवर तर पोस्टाच्या तिकिटाएवढा. शेजारी, चार कॉलमांत, एका डिजिटलवाल्याने टिपलेला फोटो: काळ्या कापडाखालून बाहेर आलेले माझे पाय आणि समोर तोंड उघडून स्तब्ध उभे आंदोलक. ओळ होती, 'आंदोलनातील एक क्षण'. मागण्या काय होत्या, हे मला आजही माहीत नाही, आणि ती बातमी वाचून कुणालाही कळलं नसेल.

यानंतर संपादकांनी मला पुतळ्याच्या अनावरणाला धाडलं. "तो हलणार नाही," ते म्हणाले. यात टोमणा होता, पण काम मनाजोगं होतं. मी वेळेआधी पोचलो, रांगेत दोन वरिष्ठांना फिल्म समजावून सांगितली, फोकस पक्का केला, होल्डर घातला, डार्क स्लाइड उपसून उभा राहिलो. पाहुण्यांनी दोरी ओढली. पडदा जागचा हलला नाही. त्यांनी पुन्हा ओढली, मग आणखी दोघांनी ओढली, मग आयोजक शिडी शोधायला धावले. आजूबाजूला हजारो फोटो निघाले. ओढणाऱ्यांचे चेहरे, घाम, हसू आवरणारे प्रेक्षक, धावती शिडी. मी एक काढला. होल्डर उलटेपर्यंत पुतळा मोकळा होऊन त्याला हारही घातला गेला होता.

रात्री तो फोटो पडद्यावर मोठा करून बघताना संपादकांनी चष्मा पुढे सरकवला. वरच्या कोपऱ्यात, पुतळ्याच्या खांद्यामागे, दोरीची गाठ स्पष्ट दिसत होती. सरकगाठ नव्हे. कुणीतरी पक्की, दुहेरी, निरगाठ मारली होती. तिचा धागान् धागा मोजता येत होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर, तीन कॉलम, ती एकटी गाठ छापून आली. खाली बातमी: ही मारली कुणी?

"म्हणजे तुझ्या निगेटिव्हचा नखाएवढा तुकडा वापरला," संपादक म्हणाले. "बाकीची फिल्म उगाच वाया घालवलीस."